पंचवीस डिसेंबरला पायीच

नाताळात युरोप म्हटलं की लोक गर्दीची धास्ती घेतात. गर्दी असतेच, पण ती २३ डिसेंबरपर्यंत आणि पुन्हा २७ पासून. मधले तीन दिवस कुलपांचे. त्यांच्याबद्दल आधी कुणी सांगत नाही आणि नेमके तेच नडतात. कलोन, ब्रुसेल्स, लंडन असा मार्ग घेतला की दोन्ही तऱ्हा बघायला मिळतात, म्हणून तोच धरून लिहितो.

कलोनला स्टेशनबाहेर पाय ठेवला की कॅथीड्रल अंगावरच येतं, आणि त्याच्या पायथ्याशी नाताळबाजार. पहिली फसगत इथेच होते. जर्मनीतले हे बाजार नाताळच्या आधीच्या आठवड्यांचे असतात, नाताळचे नव्हेत. कलोनचा हा बाजार २३ तारखेला संपतो, न्यूरेंबर्गचा प्रसिद्ध बाजार २४ तारखेपर्यंत असतो. बर्लिनसारख्या शहरात काही बाजार पुढेही चालतात, पण ते अपवाद. ‘ख्रिसमसला ख्रिसमस मार्केट बघू’ म्हणून २५ चं हॉटेल घेणाऱ्याला फळ्या उतरवणारी माणसं दिसतात.

बाजारात खरी मजा ग्लूवाइनच्या मगाची. गरम, मसाला घातलेली वाइन मिळते ती चिनी मातीच्या मगात, आणि मगाची अनामत आधीच पैशांत धरलेली असते. कधी सोबत एक टोकनही देतात. ते हरवलं तर नुसत्या मगावर अनामत परत मिळेलच असं नाही. हा मग ज्या बाजाराचा त्याच बाजारात परत करायचा. शेजारच्या चौकातल्या बाजाराच्या मगावरचं चित्र वेगळं, तिथले लोक घेत नाहीत. मग आवडला तर अनामत सोडून द्यायची, तो आपला झाला. इतकी स्वस्त आणि खरीखुरी वापरातली आठवणवस्तू दुसरी नाही. फक्त चिकट मग तसाच बॅगेत कोंबू नका. खिडकीवर मागितलात तर बहुतेक जण धुतलेला कोरडा मग बदलून देतात, मात्र मागायचं ते गर्दी ओसरल्यावर. दारू नको असेल तर ‘किंडरपुन्श’ म्हणायचं. मग तोच, वाफही तीच.

२४ तारखेला जर्मनीत दुकानं दुपारी दोनपर्यंत आटोपतात. २५ आणि २६ सुट्टी. मोठ्या स्टेशनांमधली दुकानं तेवढी उघडी असतात, म्हणून अडलेल्या माणसाने स्टेशन गाठावं. रेल्वे मात्र चालू असते.

लंडनला जायचं तर २४ ला सकाळची पहिली गाडी पकडा. याचं कारण साधं आहे: ब्रुसेल्सहून लंडनला नेणारी युरोस्टार ही गाडी २५ ला धावतच नाही. २४ ची शेवटची गाडी हुकली तर नाताळ ब्रुसेल्सच्या हॉटेलात. आणि जर्मन गाड्या वेळेवर येतात ही समजूत आता जुनी झाली. ब्रुसेल्सला दोन-अडीच तास हाताशी ठेवा. सामानाची तपासणी, शेंगेनमधून (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातून) बाहेर पडण्याची नोंद (आता बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटोही), मग ब्रिटनच्या प्रवेशाचा शिक्का, सगळं गाडीत बसण्याआधी इथेच होतं, आणि गाडीच्या अर्धा तास आधी गेट बंद. शेंगेन व्हिसा ब्रिटनला चालत नाही, तो वेगळा लागतो. आणखी एक बारीक गोष्ट. ‘ब्रुसेल-झाउड’ आणि ‘ब्रुसेल्स-मिडी’ हे एकच स्टेशन आहे, पहिलं नाव डच, दुसरं फ्रेंच. पाटीवर झाउड वाचून बसून राहिलेले, मग दार बंद होताना सुटकेस ओढत धावणारे प्रवासी इथे नेहमीचे.

भेटवस्तूंबद्दल: चीज आणि सॉसेज बाजारात कितीही मोहात पाडोत, एप्रिल २०२५ पासून युरोपियन युनियनमधून ब्रिटनमध्ये खाजगी वापरासाठीही मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. सीलबंद असले तरी नाही. चॉकलेट, बिस्किटं, क्रीम नसलेला केक चालतो. पुढे विमानाने जाणार असाल तर भेटी गुंडाळू नका, तपासणीत कागद फाडावा लागू शकतो. बर्फाचा भुगा उडवणारा काचेचा गोळा हातसामानात घेऊ नये. जिथे द्रवाला १०० मिलिलीटरची मर्यादा आहे तिथे आतलं पाणी त्याहून कमी आहे हे तपासणाऱ्या माणसाला कसं पटवणार?

लंडनला उतरल्यावर घड्याळ एक तास मागे. तो तास सुपरमार्केटला द्या, कारण संध्याकाळी लवकरच तीही बंद होतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानाला २५ डिसेंबरला उघडायला २००४ च्या कायद्याने बंदी आहे. कोपऱ्यावरचं छोटं दुकान उघडं सापडेल, पण तिथे मिळणार ते दूध, ब्रेड आणि चिप्स. बहुतेक उपाहारगृहं बंद, आणि उघडी असतील त्यांत जागा आधी राखून ठेवावी लागते. हॉटेल घेताना २५ च्या सकाळी नाश्ता आहे ना, एवढं विचारून घ्या.

आता २५ तारीख. लंडनमध्ये त्या दिवशी भुयारी रेल्वे नाही, बस नाही, उपनगरी गाडी नाही. ‘कमी फेऱ्या’ असा प्रकार नाही, चक्क शून्य. देशातली रेल्वेही जवळजवळ पूर्ण बंद असते, आणि रूळ मोकळे मिळतात म्हणून मोठी दुरुस्तीची कामं याच दिवसांत काढतात. त्यामुळे एखादं मोठं स्टेशन नाताळनंतरही काही दिवस बंद राहू शकतं. तिकिटाआधी ते बघा. २५ लाच विमान असेल तर २४ च्या रात्री विमानतळाजवळच मुक्काम बरा. टॅक्सी मिळते, पण त्या दिवशीचं भाडं ऐकून झोप उडते.

आणि तरीही आमच्या मते हाच सगळ्यात चांगला दिवस. हॉटेल हाइड पार्कच्या आसपास, चालत जाता येईल असं घ्यायचं. सूर्य आठनंतर उगवतो आणि चारच्या आत मावळतो, म्हणजे उजेड जेमतेम आठ तास. सकाळी नऊला पार्कातल्या सर्पेंटाइन तळ्यावर पोहण्याची शर्यत असते, १८६४ पासून चालत आलेली, शंभर यार्डांची. पोहतात तिथल्या पोहण्याच्या क्लबचे सभासद. काठावर उभं राहून बघायला कुणाची आडकाठी नाही. माणसं पाण्याबाहेर येतात तेव्हा त्यांच्या लालबुंद खांद्यांवरून वाफ निघत असते. तिथून ऑक्सफर्ड स्ट्रीटला या. एरवी खांद्याला खांदा लागल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही अशा रस्त्यावर सिग्नलचा रंग बदलतो आणि थांबायला कुणीच नसतं. हातमोजे, पाण्याची बाटली, खिशात सँडविच. एवढ्यावर दिवस निघतो.

परतीचं विमान २७ नंतरचं असेल तर थंडीतला एक खोळंबा गृहीत धरा. पंखांवर नुसतं दंव असलं तरी हवेचा प्रवाह बिघडतो आणि पंखाची उचलण्याची ताकद घटते, म्हणून ते काढल्याशिवाय उड्डाण नाही. आधी गरम, नारिंगी द्रव फवारून बर्फ उतरवतात. बर्फ पडतच असेल तर वरून दाट हिरव्या द्रवाचा थर देतात, तो नवा बर्फ धरू देत नाही. पण त्याची मुदत ठरलेली असते, तापमान आणि बर्फाच्या जोरावर. धावपट्टीच्या रांगेत ती संपली तर पुन्हा मागे, पुन्हा फवारणी. विमान रद्द झालं तर खराब हवेसाठी रोख भरपाई सहसा मिळत नाही. जेवण आणि रात्रीच्या मुक्कामाची सोय मात्र युरोपातून निघणाऱ्या विमानांना करावीच लागते. विमान कंपनीच्या काउंटरवर वाद घालू नका, आपणहून मागा आणि पावत्या जपा.

जागा निवडता आली तर पंखाच्या जरा मागची खिडकी घ्या. विमान वेग घेऊ लागलं की तो हिरवा थर आधी थरथरतो, मग सुरकुत्या पडत मागे सरकतो आणि चाकं जमीन सोडेपर्यंत पंख लख्ख होतो.