तुम्ही विचारलंत म्हणून: ते खरंच तापलं असतं का?

'ते' म्हणजे माझ्या एका विद्यार्थ्याने कणांना वेग देणाऱ्या मशीनसाठी केलेलं, बीम (निर्वात नळीतून धावणारा कणांचा झोत) बघायचं उपकरण; पूर्ण तीव्रतेला त्यावर मी सही दिली नव्हती. हा प्रश्न मला इतक्या जणांनी आणि इतक्या आडवळणांनी विचारलाय की एकदाचं लिहून टाकते. कुणी म्हणतं, बीमची जागा सांगणारं साधं बटन (बटनासारखा सेन्सर), ते बीमचं काय बिघडवणार? कुणी म्हणतं, इम्पिडन्सवाल्यांचं (म्हणजे उपकरण आणि बीम एकमेकांचं काय बिघडवतील ते तपासणाऱ्या आमचं) बरं असतं, 'नाही' म्हटलं की सुटले, कारण न बसवलेलं उपकरण तापलं असतं की नसतं हे कुणी दाखवूच शकत नाही. हे दुसरं बोलणं मला फार लागलं. त्यात तथ्य आहे, म्हणून लागलं.

सरळ उत्तर हवं असेल तर ते असं: मला माहीत नाही. पण 'माहीत नाही' एवढ्यावर तुम्ही मला सोडणार नाही आणि मलाही तसं सुटायचं नाही.

'डायग्नॉस्टिक (बीम मोजणारं) उपकरण नुसतं बघतं' हा समज आधी बाजूला ठेवा. बीमकडून सिग्नल येतो तो बीमने ऊर्जा सोडली म्हणून येतो. स्ट्रिपलाइनच्या (बीमशेजारी लावलेल्या, सिग्नल टिपणाऱ्या पट्टीच्या) टोकाला ५० ओमवर तुम्ही जे व्होल्टेज मोजता, ते बीमनेच दिलेलं असतं. जे हवं ते घेतलं, तेवढ्यावर थांबलं, असं मात्र होत नाही. उपकरण बसवायला नळी कापावी लागते, टाकी जोडावी लागते, हलणाऱ्या दांड्यासाठी जागा सोडावी लागते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती आपल्या सुरात घुमते, तशी ती प्रत्येक पोकळी बंच (कणांचा एकेक पुंजका) जाताना घुमते. ८० मिलिमीटर व्यासाच्या नळीत सुमारे २.८७ गिगाहर्ट्झच्या खालचा टीएम मोड (विद्युतचुंबकीय लहरींच्या घुमण्याचा एक प्रकार) नळीतून पुढे जाऊच शकत नाही. तो तिथेच अडकतो आणि पुढच्या बंचची वाट बघतो.

आता पुढचा बंच कधी येतो त्यावर सगळं आलं. एलएचसीत (जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेच्या सर्वांत मोठ्या मशीनमध्ये) बंच २५ नॅनोसेकंदांच्या अंतराने येतात, म्हणून बीमच्या वर्णपटात (कुठल्या कंप्रतेला किती जोर, याच्या आलेखात) दर ४० मेगाहर्ट्झवर एक उंच रेषा असते. मोड दोन रेषांच्या मधे पडला तर फारसं काही होत नाही. रेषेवर बसला तर प्रत्येक बंच त्यात भर घालतो, आणि उष्णता बंचमधल्या कणसंख्येच्या वर्गाने वाढते. एलएचसीच्या मूळ आराखड्यात बंचमागे ११५ अब्ज प्रोटॉन होते, पुढच्या हाय-ल्युमिनॉसिटी टप्प्यात २२० अब्ज. म्हणजे तीच टाकी, तोच मोड, आणि उष्णता साडेतीन पटींहून जास्त. निर्वातात ती घालवायला हवा नसते. आधारातून थोडी बाहेर जाते, थोडी उत्सर्जित होते, बाकीची तिथेच.

हे कागदावरचं भय नाही. २००२ मध्ये सर्नच्या एसपीएसमध्ये (एलएचसीला बीम पुरवणाऱ्या मशीनमध्ये) वायर स्कॅनरच्या (बीममधून तार फिरवून त्याचा आकार मोजणाऱ्या उपकरणाच्या) कार्बनच्या तारा तुटल्या, आणि तुटल्या तेव्हा त्या बीममध्ये नव्हत्या, आपल्या जागी उभ्या होत्या. टाकीतल्या मोडने त्या तापवल्या. त्यानंतर फेराइट (मोडची ऊर्जा शोषणारा चुंबकीय पदार्थ) लावलं गेलं. पुढे तीव्रता (बीममधली कणसंख्या) वाढवताना २०२३ मध्ये त्याच मशीनमध्ये पुन्हा तारा गेल्या. २०१२ मध्ये एलएचसीत सिंक्रोट्रॉन प्रकाश (बीम वळताना त्यातून निघणारा प्रकाश) बाहेर काढणारा आरसा आणि त्याचा आधार तापून बिघडला. तिन्ही वेळा उपकरण 'नुसतं बघणारं' होतं. व्हिटोरिओ वाकारो यांनी १९६६ मध्ये सर्नमध्ये इम्पिडन्सची कल्पना मांडली ती नळीच्या सलगपणात पडणाऱ्या अशाच खंडांचा बीमवर काय परिणाम होतो हे समजून घेण्यासाठी. तेव्हापासून आपल्याला हे ठाऊक आहे. तरी दर रिव्ह्यूत कुणीतरी म्हणतंच, एवढंसं तर आहे. एलएचसीत नुसते बीमची जागा सांगणारे मॉनिटरच हजाराहून जास्त आहेत. 'एवढंसं' हजारदा बेरजेत धरा आणि मग बोला.

हे मी नागपूरला बसून कसं करते, हाही प्रश्न जोडीने येतो. मशीन इथे नाही. सर्वांत जवळची इंदूरला, आरआरकॅट या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेची इंडस-१ आणि इंडस-२. पण माझ्या कामाचा मोठा भाग मशीन चालू व्हायच्या आधीचा असतो: ड्रॉइंग, सिम्युलेशन, आणि शक्य तिथे नमुना बनवून नेटवर्क अॅनालायझरवर (नमुना कुठल्या कंप्रतेला घुमतो ते दाखवणाऱ्या यंत्रावर) मोजणं. नमुने मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमधून करून घेते. तिथले भाऊ पहिल्यांदा म्हणाले होते, "मॅडम, पाव मिलिमीटरनं काय फरक पडून राहिला?" मी त्यांना अॅनालायझरच्या पडद्यावर शिखर सरकताना दाखवलं. तेव्हापासून ते मला प्रत्येक ड्रॉइंगवर टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) कुठे आहे ते विचारतात. मी ज्यांच्या रिव्ह्यूत बसते त्यांतल्या निम्म्या लोकांनी हा प्रश्न मला कधी विचारलेला नाही.

नागपूरचा मे महिनाही हिशेबात धरावा लागतो. अॅल्युमिनियमचा नमुना २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेला की १.२ गिगाहर्ट्झचा मोड साधारण अर्धा मेगाहर्ट्झ खाली येतो. शिवाय आपण हवेत मोजतो, उपकरण निर्वातात असणार, त्याचा फरक तीन-चार दहाहजारांश. कूलर चालू असेल तर हवेतल्या ओलाव्याने त्यात आणखी थोडी भर. म्हणून मोजताना मी कूलर बंद करते आणि तापमान आकड्याशेजारी लिहून ठेवते.

आता ज्या प्रसंगाबद्दल तुम्ही खरं तर विचारत असता, त्याकडे येते.

तो माझा विद्यार्थी होता. नागपुरातल्या महाल भागातला मुलगा, अॅनालायझरचं कॅलिब्रेशन पहिल्यांदा माझ्याकडे शिकला. पुढे परदेशातल्या एका प्रयोगशाळेत डायग्नॉस्टिक्सच्या गटात लागला. प्रयोगशाळेचं नाव इथे महत्त्वाचं नाही. त्याला एक स्क्रीन मॉनिटर करायचा होता. कमी तीव्रतेला पडदा बीममध्ये घालायचा, चित्र घ्यायचं, काढून घ्यायचा. पडदा बाहेर असताना टाकीची पोकळी उघडी राहू नये म्हणून त्याने सरकती नळी ठेवली होती. पडदा गेला की नळी त्याच्या जागी येते, तिच्या दोन्ही टोकांना बेरिलियम कॉपरच्या फिंगर्स (स्प्रिंगसारख्या पातळ पट्ट्या) टेकतात, आणि बीमला सलग पाइप दिसतो. सुंदर डिझाइन होतं. आजही म्हणते.

इम्पिडन्सची तपासणी बाहेरच्या व्यक्तीकडून हवी होती आणि ती माझ्याकडे आली. तो माझा विद्यार्थी आहे हे मी आधीच कळवलं होतं. त्यांची हरकत नव्हती. त्याच्या सिम्युलेशनमध्ये फिंगर्स सगळीकडून पक्क्या टेकलेल्या होत्या आणि वर्णपट स्वच्छ होता. मी एवढंच केलं की परिघाच्या एका छोट्या भागात फिंगर्स टेकल्या नाहीत असं धरलं. नळीच्या मागच्या फटीत एक मोड उभा राहिला, गिगाहर्ट्झच्या जरा वर, त्यांच्या बीमच्या रेषेपासून काही मेगाहर्ट्झवर. फट कमी-जास्त केली की तो रेषेच्या दिशेने सरकायचा. मग हिंगण्याला नमुना करून घेतला, बीमच्या जागी मधोमध तार ताणली आणि मोजलं. शिखर होतं.

त्याचं म्हणणं असं: मॅडम, तो माझा मॉनिटर नाही, तुमचा नमुना आहे. आणि तार घातल्यावर दिसलेल्या शिखरावर किती भरवसा ठेवायचा? हा आक्षेप पोरकट नव्हता. सँड्स आणि रीस यांनी १९७४ मध्ये मांडलेली तारेची पद्धत आपण सगळे वापरतो, पण तार मोडला छेडते. जी ऊर्जा अडकून राहायची तिला तारेवरून बाहेर जायला वाट मिळते, शिखर रुंद होतं, सरकतं. म्हणून मी तार काढली, दोन्ही टोकांनी छोटे प्रोब (अँटेनासारख्या काड्या) हलकेच आत घातले आणि पुन्हा मोजलं. शिखर होतंच, आणि आता अधिक टोकदार. मग तिकडच्या गटाने खऱ्या मॉनिटरवर प्रोबने मोजलं. त्यांना ते बारीक दिसलं, नळी पुन्हा पुन्हा आतबाहेर केल्यावर कधी दिसलं, कधी नाही.

हे 'कधी दिसलं, कधी नाही' मला सर्वांत जास्त खुपलं. त्याला तेच सर्वांत जास्त दिलासा देणारं वाटलं. माझ्या लेखी त्याचा अर्थ असा की फिंगर्स प्रत्येक वेळी वेगळ्या टेकतात आणि मशीनमध्ये त्या कशा टेकतील हे कुणाच्या हातात नाही. त्याच्या लेखी अर्थ असा की बहुतेक वेळा सगळं ठीक आहे.

रिव्ह्यू ऑनलाइन होता. तिकडे दुपार, इथे संध्याकाळ. अध्यक्षांनी मला सांगितलं, एका वाक्यात मत द्या. मी म्हटलं, कमी तीव्रतेला हरकत नाही, पूर्ण तीव्रतेला माझी सही नाही. कुणीतरी म्हणालं, पण हा वापरायचाच कमी तीव्रतेला आहे. मी म्हटलं, वापरायचा कमी तीव्रतेला, पण राहायचा नळीत कायम. यावर कुणी काही बोललं नाही. फेराइट लावायचा पर्याय निघाला. निर्वाताच्या गटाने सांगितलं की तापवून, त्यातून बाहेर येणारा वायू मोजल्याशिवाय ते फेराइट आत घालू देणार नाहीत. त्यांचंही बरोबर होतं. फेराइट काही उष्णता नाहीशी करत नाही, ती स्वतःकडे घेतं, आणि क्युरी तापमानाच्या (जिथे पदार्थाचं चुंबकत्व जातं त्याच्या) वर गेलं की मोड दाबायचं कामही सोडून देतं. चाचणीला वेळ नव्हता. मॉनिटर पुढच्या शटडाउनवर (मशीन कामांसाठी बंद ठेवतात त्या काळावर) ढकलला गेला.

त्याचं कंत्राट त्या वर्षाअखेरीला संपत होतं. दाखवायला बसवलेलं उपकरण नव्हतं. कंत्राट वाढलं नाही. ते माझी सही न मिळाल्यामुळे वाढलं नाही असं कुणी मला म्हटलेलं नाही, आणि माझ्या सहीचा त्याच्याशी संबंध नव्हता असंही कुणी म्हटलेलं नाही. तो परत आला. आज पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, बरा आहे. दिवाळीत घरी आला तेव्हा आईची तब्येत, पुण्याचं भाडं, मेट्रो, सगळं बोलून झालं. निघताना दारात चप्पल घालता घालता म्हणाला, "मॅडम, ते खरंच तापलं असतं का?" मी म्हटलं, माहीत नाही रे. तो "हं" म्हणाला आणि गेला. तो मॉनिटर पुढे दुसऱ्या कुणीतरी फिंगर्सची रचना बदलून बसवला. ज्या हंगामात तो पहिल्यांदा बसणार होता, त्या हंगामात मशीन भलत्याच कारणाने ठरलेल्या तीव्रतेच्या जवळही गेलं नाही. म्हणजे जुन्या रचनेचं काय झालं असतं याचा निकाल आता कधीच लागणार नाही.

तरुणपणी मी असल्या प्रश्नाला एका दमात उत्तर दिलं असतं: मी कुठे काय म्हणते, आकडा म्हणतो. त्या मुलीशी माझं आता पटत नाही. आकड्याआधी मी एक गृहीतक निवडलं होतं. फिंगर्स परिघाच्या किती भागात टेकणार नाहीत, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, ते मी ठरवलं. अर्ध्या भागाचं धरलं असतं तर मोड रेषेवरच बसवता आला असता. काहीच धरलं नसतं तर त्याचा स्वच्छ वर्णपट खरा ठरला असता. मधलं जे मी निवडलं ते मोजमाप नव्हतं, मत होतं, अनेक वर्षं वाकलेल्या फिंगर्स बघून बनलेलं.

पण ती मुलगी मला सोडत नाही. ती म्हणते, मत तर मत, पण ते द्यायलाच तुला बोलावलं होतं ना? पोरगा आपला आहे म्हणून हात सैल केला असतास आणि टाकी तापली असती, निर्वात गेला असता, तर शेकडो माणसांचे आठवडे वाया गेले असते. तेव्हा त्यांच्या कंत्राटांचा हिशेब कुणी ठेवला असता? यावर माझ्याकडे उत्तर नाही. तिच्याकडेही माझ्या गृहीतकाच्या प्रश्नाला उत्तर नाही.

एका गोष्टीवर मात्र माझा राग खरा आहे आणि तो मी सोडणार नाही. आम्हाला शेवटी बोलावतात. धातू कापून झालेला असतो, फ्लॅंज वेल्ड झालेले असतात, शटडाउनची तारीख भिंतीवर लागलेली असते, आणि मग म्हणतात, जरा इम्पिडन्स बघून द्या. त्या टप्प्यावर आमच्याकडे 'हो' आणि 'नाही' एवढेच शब्द उरतात. पहिल्या ड्रॉइंगला बोलावलं असतं तर त्या मॉनिटरच्या फिंगर्स मी त्याच्याशेजारी बसून बदलल्या असत्या, अर्ध्या दुपारचं काम होतं ते. मग तुम्ही म्हणता, इम्पिडन्सवाले अडवतात.

हल्ली मी अहवालात 'हो' किंवा 'नाही' लिहीत नाही. कुठल्या तीव्रतेपर्यंत, किती फट धरून, मोड रेषेपासून किती सरकेपर्यंत माझी हरकत नाही, असा पट्टा लिहिते, आणि गृहीतक कुणाचं आहे तेही लिहिते: माझं. एका सहकाऱ्याला हे पटत नाही. तो म्हणतो, तू निर्णयाचं ओझं मशीन चालवणाऱ्यांवर ढकलतेस, त्यांना रात्री दोन वाजता तुझा पट्टा वाचायला वेळ नसतो, त्यांना बटन दाबू की नको एवढंच हवं असतं. मी त्याला म्हणते, एका वाक्यात मत देऊन काय झालं ते मी पाहिलंय. तो म्हणतो, काय झालं ते तुला कळलंच कुठे? यापुढे आमचं बोलणं अजून गेलेलं नाही.