तांबडं म्हणजे नेमकं कुठलं?

कोल्हापुरात तांबड्या रंगाबद्दल मत नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. मिसळीचा कट किती लाल हवा, यंदाच्या चटणीत ब्याडगी किती नि संकेश्वरी किती, यावर मिरच्या कुटायच्या डंकाच्या दारात तासन्‌तास चर्चा होते. अशा गावात हॉलची एक भिंत लाल करायची म्हटल्यावर घरात एकमत होईल, अशी आशा मी ठेवलीच नव्हती.

शेडकार्ड उघडलं आणि सासूबाईंनी बोट ठेवलं ते कुंकवाच्या लालावर. मुलाला स्पोर्ट्‌स बाइकचा चकचकीत लाल हवा. नवरा म्हणाला, "काहीही चालेल, फक्त भडक नको." सगळ्यात अवघड अट हीच.

खरं तर आपल्या देवघरातच लालाची केवढी भावंडं नांदतात! हळदीला चुना लागला की ती लाल होते, त्यातून कुंकू. पारंपरिक शेंदूर शिशाचा, म्हणून त्याला नारिंगी झाक. हिंगूळ पाऱ्याचा. गेरू लोखंडाचा, गंजाच्या नात्यातला. यातलं कुंकू मला फार आवडतं, पण बोटाएवढं. तेच दहा फूट पसरलं तर समोर बसून चहा पिणं कठीण.

आमच्या रंगाऱ्याची अडचण निराळी. "वहिनी, लाल पाहिजे तर आधी राखाडी हात मारू. न्हाईतर चार हात मारलं तरी खालचं पांढरं डोकावतंय." कारण साधं आहे. भिंतीचा जुना रंग झाकायचं काम मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइड करतो, आणि तो असतो पांढराशुभ्र. गडद लालात तो घातला तर लालाचा गुलाबी व्हायचा, म्हणून अशा शेडच्या बेसमध्ये, म्हणजे ज्यात रंगछटा मिसळतात त्या मूळ रंगात, तो जवळजवळ नसतोच. गेरूच्या जातीचे लाल मात्र स्वतःच छान झाकतात आणि उन्हाने सहसा विटतही नाहीत.

शिवाय दिवेलागणीची गोष्ट आहेच. उजेड कमी होत गेला की आपल्या डोळ्यांना लाल रंग निळ्याहिरव्याच्या आधी काळवंडलेला दिसतो. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने हे दोनशे वर्षांपूर्वी टिपलं होतं. आमचे रंगारी त्याच्याशिवायच सांगतात, "नमुना भिंतीवर लावा, सकाळी बघा, सांजचं बघा, मग बोला." शेडकार्डावरच्या टिचभर चौकोनावर विसंबून हजारोंचा रंग घेणाऱ्यांचं मला नवलच वाटतं.

शेवटी ठरला तो तालमीच्या मातीचा तांबडा. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं खासबाग मैदान ज्या रंगाने मनात राहतं, तो. जरा धुळकट, जरा तपकिरीकडे झुकणारा. आमच्या शिसवी कपाटाशेजारी तो उगाच मिरवत नाही. सासूबाई "हा लाल का?" म्हणाल्या, पण हो म्हणाल्या.

उरलेल्या तीन भिंतींना पांढरा. तांबड्याबरोबर पांढरा लागतोच, हे कोल्हापूरकराला कुणी शिकवायला नको. फक्त चुन्यासारखा पांढराफटक नको, त्याच्या शेजारी कुठलाही लाल ओरडायला लागतो. जरा पिवळसर, सायीचा पांढरा घेतला.

पडद्यांचं अजून ठरायचंय. सासूबाई मोरपंखी म्हणतायत, मी हळदी. मुलगा काळा म्हणतोय. नवऱ्याला काहीही चालेल.