आधी घट वाटा, मग नफा

दोन कंपन्या हातात हात घालायचं ठरवतात, तेव्हा पहिल्या बैठकीत चर्चा रंगते ती टक्क्यांची. पन्नास-पन्नास की साठ-चाळीस? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी घ्यावा. नफा असला की वाटून होतोच. भांडण लागतं ते वजनातल्या घटीवरून, नाकारलेल्या मालावरून आणि उशिरा आलेल्या पैशांवरून. म्हणून कराराचं पहिलं पान तोट्याचं असावं: कुठल्या टप्प्यावर किती माल कमी होणार आणि तो कोणाच्या खात्यावर जाणार.

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यातली केळी निर्यात घ्या. तिथे साधारण तीन पक्ष असतात: शेतकरी उत्पादक कंपनी, पॅकहाऊस (केळी धुऊन, निवडून खोक्यात भरण्याची जागा) आणि शीतगृह चालवणारा, आणि निर्यातदार. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. २०२१ मध्ये तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला गेली. म्हणजे वाट पडलेली आहे. त्या वाटेवर तिघांनी दरवर्षी एकत्र चालायचं, तर हिशेब उघडा असला पाहिजे.

चाळीस फुटी रीफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये १३ किलोची सुमारे १,५४० खोकी बसतात, म्हणजे वीस टन. ती भरायला समजा २६ टन घड कापले. दांड्याचं वजन आठ-दहा टक्के जातं, ते अडीच टन धरा. फण्या उरल्या साडेतेवीस टन. त्यातून वीस टन खोक्यात गेले आणि साडेतीन टन फण्या बाजूला पडल्या: जाडी कमी, डाग, चिरलेली साल, वाकडी फणी. आता हे साडेतीन टन कोणाचे? शेतकरी कंपनी म्हणेल, घड मोजून दिला, आमचं काम संपलं. पॅकहाऊस म्हणेल, माल वाईट आला. निर्यातदार म्हणेल, मी खोक्याचे पैसे देतो. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात, म्हणून हे आधी लिहायला हवं. व्यवहार घडाच्या वजनावर की खोक्याच्या वजनावर? दांडा कोणाच्या अंगावर? बाजूला पडलेला माल त्याच दिवशी कोण उचलणार आणि कोणत्या भावाने? एक चांगली मांडणी अशी: ठरलेल्या टक्क्यांपर्यंतचा नाकार शेतकरी कंपनीचा. त्यावरचा नाकार हाताळणीमुळे झाला असेल तर पॅकहाऊसचा. शेतातला डाग आणि हाताळणीतला डाग वेगळा ओळखता येतो. कापणीच्या वेळी बांधावर आणि धुण्याच्या टाकीजवळ, असे दोन वेळा नमुने बघितले की वाद तिथेच मिटतो. नमुना बघताना दोन्हीकडचा माणूस हजर हवा आणि सही कागदावर हवी.

तापमानाचंही तसंच. हिरवी केळी साडेतेरा अंशांच्या आसपास न्यायची असते. १३ च्या खाली गेली की साल राखाडी पडते आणि पिकल्यावर रंग चढत नाही. मे महिन्यात रावेरला पारा ४४-४५ वर असतो. कापलेला माल दुपारभर ट्रॅक्टरवर उभा राहिला तर पुढचं शीतगृह कितीही चांगलं असो, आयुष्य घटलेलंच असतं. म्हणून ‘कापणीपासून प्री-कूलिंगपर्यंत (माल पहिल्यांदा थंड करेपर्यंत) कमाल इतके तास’ हे कलम हवं. कंटेनर भरताना गराचं तापमान मोजून नोंदवा आणि आत तापमान नोंदवत राहणारे दोन डेटा लॉगर ठेवा, एक मध्यावर, एक दाराजवळ. प्रत्येक खोक्यावर शेताचा क्रमांक आणि कापणीची तारीख टाका. परदेशातून तक्रार आली तर ती कंटेनर उघडल्यापासून ठरलेल्या तासांच्या आत, खोक्याच्या क्रमांकाचा फोटो आणि सर्वेक्षकाचा अहवाल जोडून आली तरच मान्य, असं लिहा. हे नसेल तर पंधरा दिवसांनी ‘माल खराब निघाला, इतके कापले’ असा एका ओळीचा निरोप येतो आणि त्याला उत्तर देता येत नाही.

भावाचं कलम लिहिताना अतिशय प्रामाणिक राहावं लागतं. स्थानिक भाव चढला की शेतकऱ्याचा घड दुसऱ्याच्या गाडीत जातो. उतरला की निर्यातदाराला अचानक प्रतीत खोट दिसू लागते. ही माणसांची लबाडी नव्हे, सूत्राची चूक आहे. एकच ठोक भाव बांधला की कोणीतरी एक पक्ष बाहेर पडायला उत्सुक राहणारच. त्यापेक्षा बऱ्हाणपूर किंवा रावेरच्या जाहीर भावांची मागच्या तीन दिवसांची सरासरी घ्यावी आणि त्यावर निर्यात प्रतीचा ठरलेला जादा दर द्यावा. खाली एक तळ असावा. वर एक रेषा असावी, आणि त्या रेषेपलीकडची वाढ शेतकरी कंपनी आणि निर्यातदार यांनी निम्मी-निम्मी घ्यावी. कोणत्या गावचा भाव, कोणत्या प्रतीचा, कितीचा फरक धरून, हेही लिहा. नवती (नव्या लागवडीची केळी), पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांवर घेतलेली) आणि वापसी (कमी प्रतीची, बाजूला काढलेली) यांचे भाव वेगळे असतात; नुसतं ‘बाजारभावाप्रमाणे’ लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं.

माल किती देणार, याचा एकच वार्षिक आकडा देऊ नका. महिन्यागणिक किमान आणि कमाल ठरवा. पावसाळ्यात सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग येतो, थंडीत चरका बसतो म्हणजे गारठ्याने बागा खराब होतात, मे-जूनमध्ये वादळ बागा झोपवतं. वादळाने किमान आकडा किती खाली येईल आणि पंचनामा कोणाचा मानायचा, हे त्याच कलमात बसवा.

आता पैसे. हा भाग फार भागीदाऱ्यांनी कमी लेखला आहे. समजा किलोला २० रुपये, म्हणजे कंटेनरमागे चार लाखांची नुसती केळी. आठवड्याला दोन कंटेनर. शेतकऱ्याला सात दिवसांत द्यायचे आणि परदेशातून ४५ दिवसांनी येणार. मधले ३८ दिवस, म्हणजे जवळपास अकरा कंटेनरचे ४४ लाख रुपये कोणाच्या तरी खिशातून बाहेर उभे असतात. खोकी, भाडं, वीज वेगळी. हे ४४ लाख कोण लावणार आणि त्यावर व्याज कोणत्या दराने, हे ठरल्याशिवाय पहिला घड कापू नये. पॅकहाऊस सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणीकृत असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे त्याचे पैसे चुकते करण्याची मुदत करारातसुद्धा ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. लेखी करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाला की बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं.

जळगावच्या डाळ मिलवाल्यांचं एकत्र येणं निराळ्या जातीचं, कारण ते एकमेकांचे प्रतिस्पर्धीच असतात. चार मिलनी मिळून सॉर्टेक्स, म्हणजे रंगावरून दाणे निवडणारं यंत्र घेतलं, तपासणीची प्रयोगशाळा घातली, कच्ची तूर एकत्र मागवली तर फायदा खरा आहे. एकाची तूर दुसऱ्याच्या मिलमध्ये जाते तेव्हा घट, चुनी (डाळीचा बारीक चुरा) आणि कोंडा यांचा हिशेब ओलाव्याच्या टक्क्याशी बांधा. चुनी कोणाची, यावरून पाहुण्यांमध्ये बोलणं बंद झालेलं असतं. माल जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याकडे प्रक्रियेसाठी जाताना चलन हवं, आणि जीएसटी कायद्याप्रमाणे तो एका वर्षात परत यायला हवा. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा: त्याच टेबलावर बसून विक्रीचा किंवा खरेदीचा भाव ठरवणं. २००२ च्या स्पर्धा कायद्यात त्याला मनाई आहे, आणि ‘आपसातलंच आहे’ ही सबब चालत नाही.

आपल्याकडे दोन्ही बाजूंचे मालक साडू, व्याही, निदान एका गावचे तरी निघतात. त्यामुळे लिहून मागणं म्हणजे अविश्वास, असं वाटतं. भाऊ, आपल्यात कागद कशाला, असं कोणी म्हणालं की थांबा आणि समजावून सांगा: कागद माणसासाठी नाही, दोन्हीकडच्या दिवाणजींसाठी आणि सुपरवायझरसाठी आहे. रोजचे निर्णय तेच घेतात आणि ते बैठकीत नव्हते.

सुरुवात एका हंगामाच्या साध्या लेखी कराराने करा. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा वेगळी कंपनी काढायची घाई नको. तीन-चार महिन्यांच्या कामात कळतं की जमतंय की नाही. नुसत्या सामंजस्य करारावर माल हलवू नका, तो बहुधा न्यायालयात टिकण्यासारखा लिहिलेला नसतो. दोन्हीकडून दोन-दोन माणसं नेमा, एक रोजच्या कामाचा आणि एक सही करणारा. दर पंधरवड्याला तासभर बसा आणि फक्त तीन आकडे बघा: ठरलेल्यापैकी किती माल आला, किती नाकारला, किती पैसे थकले. वाद रोजच्या माणसांकडे चोवीस तास, सही करणाऱ्यांकडे तीन दिवस, मग दोघांना मान्य अशा सीएकडे आठवडा. त्यानंतर लवाद, आणि लवादाचं ठिकाण जळगाव असं स्पष्ट लिहा, नाहीतर मुंबईच्या फेऱ्या सुरू होतात.

वेगळं व्हायची कलमंही पहिल्याच दिवशी लिहा, तेव्हा कोणी रागात नसतं. नोटीस साठ दिवसांची, पण ऐन कापणीत देता येणार नाही. खोक्यावरचं ब्रँडचं नाव कोणाच्या नावे नोंदलंय, ते तपासा. भौगोलिक मानांकनाच्या अधिकृत वापरकर्त्याची नोंदणी त्याहून निराळी असते. करार संपल्यावरही ‘दुसऱ्याला माल द्यायचा नाही’ अशी अट घालण्यात अर्थ नाही, १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे ती बहुधा टिकत नाही. करार चालू असताना मात्र अशी अट घालता येते. शेतकऱ्यांची यादी आणि शेतांचे क्रमांक कोणाकडे राहतील, हे ठरवा. आणि क्रेट मोजा. पॅकहाऊसला गेलेले किती, परत आलेले किती, हे दर आठवड्याला वहीत चढवा. हंगामाच्या शेवटी दोन-तीनशे क्रेट कमी निघतात आणि भरपाईचा दर तेव्हा ठरवायला बसलं की वर्षभराचं जमलेलं तिथे विस्कटतं.