बारा वाजताचं रेस्पिरेशन

लाल शाईतला तो २० अजून फाईलमध्ये आहे. रात्रपाळीचं लिखाण आमच्याकडे लाल पेनानं करतात, त्यामुळे तो जरा जास्तच उठून दिसतो. बेड नंबर १४, टीपीआर चार्ट, रात्री बाराचा रकाना. टेंपरेचर १००.४, पल्स १०४, बीपी ११०/७०, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९६, रेस्पिरेशन, म्हणजे मिनिटाचे श्वास, २०. खाली माझी सही. यातले चार आकडे मी घेतले होते. पाचवा नुसता लिहिला होता.

तेव्हा नोकरीला लागून तिसरा महिना चालू होता. मेडिसिनचा वॉर्ड, २६ पेशंट, रात्री दोन सिस्टर. एक सिनियर आणि एक मी. म्हणजे अर्धे त्यांचे, अर्धे माझे, आणि अडलं की सगळेच त्यांचे.

नव्या सिस्टरला काय जड जातं असं विचारलं तर लोक रक्त, मरण, वास अशी नावं घेतात. त्याची सवय शिकतानाच होते. वॉर्डात गेल्यावर जीव जातो तो औषधांच्या कपाटाची किल्ली कुणाच्या खिशात गेली हे शोधण्यात. तीन बीपी मशीन, त्यातल्या एकाचाच कफ हवा धरतो, आणि तो नेमका दुसऱ्या टोकाला असतो. नऊची औषधं साडेदहापर्यंत चालतात. मधेच कुणाचं सलाईन थांबतं, कुणाला पंखा नको असतो, कुणाच्या नातेवाइकाला डॉक्टर कधी येणार ते तिसऱ्यांदा विचारायचं असतं. आणि यातलं जे जे केलं ते सगळं तीन ठिकाणी लिहायचं. पहिल्या महिन्यात मी घरी जाऊन पाय वर करून पडायचे तेव्हा डोळ्यांपुढे पेशंट यायचे नाहीत, रजिस्टरं यायची.

तर रेस्पिरेशन. निरोगी मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २०. मोजायची रीत इतकी साधी आहे की तिला कुणी काम समजतच नाही. मोजतोय हे पेशंटला कळू द्यायचं नाही, कारण कळलं की माणूस श्वास मुद्दाम घ्यायला लागतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. हात त्यांच्याच छातीवर टेकवायचा, आपली बोटं नाडीवरच, आणि लक्ष छातीच्या वर-खाली होण्याकडे. पूर्ण ६० सेकंद. बीपी, पल्स, सॅच्युरेशन, सगळं आता यंत्र दाखवतं. आमच्या वॉर्डात श्वास मात्र अजून डोळ्यांनीच मोजावा लागतो. जे यंत्र करत नाही आणि ज्याला कुणी विचारत नाही, ते काम सगळ्यात आधी गळतं. कुठल्याही वॉर्डातले चार्ट उघडून बघा, १८, २०, २०, १८. विषम आकडा क्वचितच सापडेल. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलं तर उत्तर सम येणारच, हे कबूल. पण अर्धा मिनिट तरी कुणी उभं होतं का, हा प्रश्न राहतोच.

मलाही हे कळत होतं. शिकताना एका मॅडमनी आमच्याकडून हे घोटून घेतलं होतं. पण १३ पेशंट, प्रत्येकी एक मिनिट, म्हणजे १३ मिनिटं. त्या रात्री ६ नंबरच्या आजींचा हात सुजला होता, सलाईन शिरेबाहेर चाललं होतं. ९ नंबरनं झोपेत कॅन्युला, म्हणजे सलाईनची शिरेतली नळी, उपटून चादर रक्तानं भरवली होती. मी १३ मिनिटं वाचवली. त्यांचं काय केलं ते आठवत नाही.

१४ नंबरचे काका साठीच्या पुढचे. लघवीच्या इन्फेक्शनचा ताप म्हणून दुपारी ॲडमिट झाले होते, कॅथेटर (लघवीची नळी) होतं, अँटिबायोटिक चालू होतं. ओव्हर, म्हणजे पाळीचा ताबा, घेताना संध्याकाळच्या सिस्टर म्हणाल्या, "चौदा स्टेबल, ताप उतरतोय." स्टेबल हा शब्द आमच्या धंद्यात फार स्वस्त झालाय.

पावणेदोनला त्यांची मुलगी टेबलाशी आली. ही काही सारखी हाका मारणारी नव्हती, संध्याकाळपासून एकदाही उठून आली नव्हती. "सिस्टर, बाबा मला आत्याच्या नावानं हाक मारतायत." माझ्या तोंडावर "झोपेत असतील" आलंच होतं. तिचा चेहरा बघून उठले.

काका जागे होते. बोटांनी चादरीचे न निघालेले धागे काढत होते. हात लावला तर गार. टेंपरेचर ९७.२. मुलगी म्हणाली, "उतरला ना ताप?" एखाद्याचा ताप उतरतो तो बरं वाटायला लागल्यामुळे, आणि एखाद्याचा उतरतो तो अंगात ताप आणण्याचंही बळ न उरल्यामुळे. पुस्तकात हे एका ओळीत असतं. त्या क्षणी मला ती ओळ आठवली नाही, फक्त त्या हाताचा गार, ओलसर स्पर्श मला काही आवडेना. मी मनगट धरलं, छातीवर टेकवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बारावर यायची वाट बघितली.

३१.

पुन्हा मोजलं. ३१. बीपी ९६/५८, पल्स ११८, सॅच्युरेशन ९५. युरोबॅग दहाला मी स्वतः रिकामी केली होती. पिशवीवरच्या रेघांवर थोड्या लघवीचा अंदाज कधीच नीट येत नाही, पिशवी कशी लोंबतेय त्यावर रेघ बदलते. मापात ओतून बघितली. पावणेचार तासांत ४५ मिली. काकांचं वजन ६० किलो, म्हणजे तासाला निदान ३० तरी यायला हवी होती.

डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, चौदा नंबरला बरं वाटत नाहीये."

"बरं वाटत नाही म्हणजे?"

"म्हणजे... बडबडतायत. अस्वस्थ आहेत."

"ताप?"

"नाही."

"ठीक आहे, बघतो. इथं कॅज्युअल्टीत अडकलोय."

फोन ठेवला गेला. मला डॉक्टरांचा राग आला. आता वाटतं, एकट्यानं तीन वॉर्ड आणि कॅज्युअल्टी सांभाळणाऱ्या माणसानं "बरं वाटत नाहीये" या तीन शब्दांचं काय करायचं? सिनियर सिस्टर पलीकडच्या बेडवरून ऐकत होत्या. त्या आल्या, काकांकडे एकदा बघितलं, आणि म्हणाल्या, "परत लाव. गोष्ट सांगू नकोस, आकडे सांग. आणि काय हवंय ते शेवटी सांग."

एसबीएआर म्हणून याची एक रीत आहे: आत्ता काय झालंय, पेशंट कशासाठी आलाय, मला काय वाटतं, तुम्ही काय करायला हवं. मुळात अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून ती दवाखान्यांत आली. आम्हाला परीक्षेत चार मार्कांना होती. लिहून चारपैकी चार मिळवले होते. फोनवर बोलायची सवय कुणी करून घेतली नव्हती.

"डॉक्टर, मेडिसिन वॉर्ड, बेड चौदा. रेस्पिरेशन ३१, बीपी ९६/५८, पल्स ११८, नव्यानं कन्फ्यूज्ड, पावणेचार तासांत युरिन ४५. दुपारी युरिन इन्फेक्शन म्हणून आलेत. मला सेप्सिस वाटतोय. तुम्ही आत्ता यावं."

सेप्सिस म्हणजे इन्फेक्शनमुळे शरीराचे अवयवच निकामी व्हायला लागणं. "तुम्ही आत्ता यावं" हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा कुणा डॉक्टरला म्हणाले. आठ मिनिटांत ते वॉर्डात होते, ग्लोव्हजही बदलायचे राहिले होते.

पुढचा तासभर मी चांगलं काम केलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. काकांच्या हातात २२ ची निळी कॅन्युला होती (आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक), तिच्यातून भराभर सलाईन जात नाही. मोठी घालायची, तर शिरा आत बसलेल्या. हिरवी १८ घातली, फ्लॅशबॅक आला, म्हणजे नळीत रक्त दिसलं, आणि शीर फुगली. गेली. दुसरा हात पलंगाखाली सोडला, दंडाला टर्निकेट बांधलं, आणि कोपराच्या खाली, जिथे काही दिसत नव्हतं, तिथे बोटाखाली एक स्प्रिंगसारखी शीर लागली. डोळ्यांनी नाही, बोटानं शोधायची असते. गुलाबी २० पहिल्या फटक्यात गेली. सिनियर सिस्टर काही बोलल्या नाहीत, नुसती टेप फाडून पुढे केली. त्यांच्याकडून ती शाबासकीच.

अँटिबायोटिक बदलण्याआधी ब्लड कल्चर. डॉक्टर घाईत म्हणाले, "राहू दे, आधी इंजेक्शन दे." मी म्हटलं, "बाटल्या तयार आहेत, दोनच मिनिटं." अँटिबायोटिक आधी गेलं की जंतू सापडण्याची शक्यता कमी होते, आणि मग पुढचे चार दिवस सगळे अंदाजानं औषध देत बसतात. त्यांनी मान हलवली. किलोला ३० मिली धरून १८०० मिली सलाईन सुरू झालं. लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन पुरेना की रक्तात वाढतं ते) आलं ४.६, ते २ च्या आत असायला हवं. निम्मं सलाईन जाऊनही बीपी ८४/४८ वर आलं, तेव्हा बीपी वर आणणारं नॉरॲड्रेनलिन लावून त्यांना आयसीयूत हलवलं. ट्रॉली वॉर्डबॉय मामांनी ओढली, मी सिरिंज पंप छातीशी धरून शेजारून धावले. चार वाजायला दहा मिनिटं होती.

वॉर्डात परतले, आणि फाईलची नक्कल आयसीयूला द्यायची म्हणून चार्ट उघडला. पावणेदोनचा रकाना: ३१. त्याच्या डावीकडे: २०.

वीसवरून एकतीस, पावणेदोन तासांत. होऊ शकतं. पण सेप्सिसमध्ये शरीर बरंच आधीपासून झगडत असतं. पेशींना ऑक्सिजन पुरेनासा झाला की रक्तात ॲसिड साठू लागतं, आणि ते भरून काढायला शरीर कार्बन डायऑक्साइड जोरजोरात बाहेर टाकतं. म्हणून बीपी पडायच्या आधीच श्वास वाढतो, आणि बोटाला लावलेलं यंत्र ९६ दाखवत राहतं. बारा वाजता ते किती होतं? २२? २६? की खरंच २०?

सिनियर सिस्टरनी एकदाच विचारलं, "बाराला वीस होतं?"

मी गप्प राहिले. त्या चार्टवर वाकल्या. बाराच्या आधीचे रकाने: २०, १८, २०. आठ वाजताचं अक्षर त्यांचं होतं.

"खाडाखोड करू नकोस," त्या म्हणाल्या.

हे सांगणं माझ्यासाठी होतं की त्यांच्यासाठी, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. नियमानं चुकीची नोंद दुरुस्त करता येते: एक सरळ रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, वेळ. पण शेजारी लिहायला बरोबर आकडा लागतो. तो माझ्याकडे नव्हता. माझ्याकडे चुकीचाही नव्हता, कारण मी काही मोजलंच नव्हतं.

घरी गेल्यावर झोप येईना, म्हणून मी न्यूज टू (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) चा तक्ता काढून बसले. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनी २०१७ साली सुधारून आणलेला हा तक्ता. श्वास, पल्स, बीपी अशा प्रत्येक व्हायटलला ० ते ३ गुण, बेरीज जितकी जास्त तितका धोका. आमच्या वॉर्डात तो वापरत नाहीत. काकांचे बाराचे आकडे मांडले: पल्सला १, बीपीला १, बाकी शून्य. बेरीज २. कुणीही उठणार नाही. मग फक्त रेस्पिरेशन २५ धरलं. त्या एकट्याला ३ मिळाले, बेरीज ५, म्हणजे तातडीनं डॉक्टरना बोलवा. पावणेदोनची बेरीज ११ होती.

त्या कागदाच्या मागे काल रात्रीच्या माझ्या सगळ्या १३ पेशंटचे रेस्पिरेशन आठवून लिहायचा प्रयत्न केला. आठवायला काहीच नव्हतं.

दोन दिवसांनी इन्चार्ज मॅडमना जाऊन सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, "तू सांगितलंस म्हणून तू सापडलीस." संध्याकाळी नोटीस लागली: रेस्पिरेशन पूर्ण एक मिनिट मोजणे, अन्यथा कारवाई. त्यानंतर आठवडाभर चार्टवर १७, १९, २१, २३ असे विषम आकडे दिसू लागले. त्यातले किती मोजलेले होते, ते लिहिणाऱ्यांनाच ठाऊक. दोन सिस्टर होत्या तिथे दोनच राहिल्या. ती १३ मिनिटं कुठून काढायची, ते नोटिशीत नव्हतं.

मी मोजते. औषधं संपायला आता साडेदहाऐवजी पावणेअकरा होतात. एका ब्रदरनं त्यावरून मला "स्टॉपवॉच" नाव ठेवलंय.

काका नवव्या दिवशी आयसीयूतून परत आमच्याच वॉर्डात आले, या वेळी २१ नंबरला. गालफडं बसली होती, पण मुलीला तिच्याच नावानं हाक मारत होते. मी रात्रीची व्हायटल्स घ्यायला गेले तेव्हा ती उठून उभी राहिली आणि माझा हातच धरला. सिस्टर, तुमच्यामुळे बाबा परत आले, असं काय काय बोलत राहिली. मग म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, अचानक झालं. बारा वाजता तुम्ही बघून गेलात तेव्हा तर सगळं नॉर्मल होतं ना?"

"चार्टवर नॉर्मल होतं," मी म्हटलं.

तिला ते "हो" असंच ऐकू गेलं असणार. तिनं मान डोलावली आणि बाबांची उशी सरळ करायला वळली.