आमची वाटचाल : पावतीवर ‘बेल्जियम’ लिहिणं आम्ही का थांबवलं

आमचं मूळ काम साधं होतं. संभाजीनगर, पैठण, जालना, बीड या भागात जुने वाडे उतरवले जात, तिथली झुंबरं, हंड्या (छताला टांगायचे काचेचे दिवे), गुलाबदाण्या, अत्तरदाण्या घ्यायच्या, साफ करायच्या आणि विकायच्या. काच जड किंवा रंगीत दिसली की बाजार तिला ‘बेल्जियम’ म्हणतो. आम्हीही पावतीवर तेच लिहीत होतो. वस्तू नीट तपासायला लागल्यावर दिसलं की त्या एका नावाखाली इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम, आजच्या चेक प्रजासत्ताकातला बोहेमिया आणि आपलं उत्तर प्रदेशातलं फिरोजाबाद असं सगळंच खपतं आहे. आज दुकानातलं निम्मं काम ओळख पटवण्याचं आहे. त्याला १० पट भिंग, ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च, ग्रॅमचा काटा आणि काळं कापड एवढं पुरतं.

पहिल्यांदा वस्तू उलटी करायची. फुंकून केलेल्या काचेच्या बुडाशी मधोमध खरखरीत वण असतो. कारागीर तोंड घडवताना भांडं ज्या सळईवर धरतो, ती तोडल्याची ती जागा. चांगल्या मालात हा वण घासून गुळगुळीत खळगा केलेला असतो. पण वण म्हणजे जुनं असं नाही, फिरोजाबादचा आजचा हाती माल तसाच असतो. म्हणून वणापेक्षा आम्ही झिजेला जास्त मानतो. वस्तू सपाट काचेवर ठेवून ती नेमकी कुठे टेकते ते बघायचं आणि त्याच कड्यावर भिंग लावायचं. खऱ्या वापराचे ओरखडे बारीक, सगळ्या दिशांना गेलेले, काही खोल काही उथळ. पॉलिशपेपरने पाडलेले एकाच दिशेचे असतात आणि बूड जिथे टेकतच नाही तिथेही दिसतात. हंडीला बूड टेकत नाही, तिथे पितळी कडं काचेला जिथे घासतं ती पट्टी बघायची. कडं जुनं आणि खालची काच कोरी असेल तर दोन्ही नंतर एकत्र आली आहेत.

बाटल्यांसाठी साच्याची रेघ बघायची, म्हणजे साच्याचे भाग जुळतात तिथे काचेवर उठणारी. ती मानेवर मध्येच संपत असेल तर तोंड हाताने केलेलं. रेघ ओठावरून थेट वर गेली असेल तर बाटली यंत्राची, म्हणजे ओवेन्सच्या स्वयंचलित यंत्रानंतरची, साधारण १९०५च्या पुढची. गोटी सोड्याच्या बाटलीला मात्र हा नियम लावू नका. हायरम कॉडची ही रचना १८७०च्या दशकातली, पण तिच्यात गोटी टाकल्यावरच तोंड गरम करून आवळतात. त्यामुळे नव्या बाटलीतही रेघ वरपर्यंत जात नाही. तिथे काचेत उठवलेलं कंपनीचं आणि गावाचं नाव वाचावं लागतं.

शिशाची काच, म्हणजे शिसं मिसळलेली जड काच आहे का, हे ‘टण’ आवाजावर ठरवू नका. आकार आणि जाडी बदलली की आवाज बदलतो. पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून काटा शून्य करा. वस्तू कोरडी असताना वेगळी तोला, मग दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा. ती तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. काट्यावर येणारा आकडा म्हणजे तिचं आकारमान. वजनाला त्याने भागलं की घनता मिळते. ४६५ ग्रॅमच्या अत्तरदाणीला १५० आकडा आला तर घनता ३.१, ही शिशाची. साधी काच २.५च्या आसपास येते. आत हवेचा बुडबुडा अडकला तर आकारमान जास्त भरतं आणि घनता कमी दिसते. वस्तू आडवी फिरवून तो काढायचा. पितळी टोपण असेल तर ते आधी उतरवायचं.

टॉर्चखाली युरेनियमची काच कच्च्या लिंबासारखी चकाकते. मँगनीजची काच फिकट हिरवी होते, तिला युरेनियम समजू नका. युरेनियमची काच १८३०च्या दशकापासून बनते आणि आजही बनते, त्यामुळे चकाकीवरून घटक कळतो, वय नाही.

वय सर्वांत पक्कं सांगतात त्या खुणा. बुडाशी शंकरपाळीच्या आकाराची चौकट आणि वरच्या गोलात रोमन ३ असेल तर ती ब्रिटिश नोंदणीची खूण, १८४२ ते १८८३मधली. वर्षाचं अक्षर गोलाच्या खालीच असेल तर १८६७पर्यंतची, उजव्या कोपऱ्यात असेल तर १८६८पासूनची. ही तारीख नमुना नोंदवल्याची, वस्तू त्यानंतर कितीतरी वर्षं बनत राहू शकते. १८८४पासून चौकट गेली आणि नुसता क्रमांक आला. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर १९१८च्या आधीची शक्यताच नाही. निजामाच्या राज्यातल्या हवेल्यांत बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीची झुंबरं आली. ती वाटत असली तर लोलकांआधी धातूच्या दांड्यावर नाव शोधा, कारण लोलक बदललेले असतात.

आणि कंदिलाच्या काचा फेकू नका, ही आमची कळकळीची विनंती. तळेगावचा पैसाफंड काच कारखाना १९०८चा, ‘प्रभाकर’ कंदील करणारा ओगलेवाडीचा १९१६चा. कंदिलाला ‘प्रभाकर’ नाव आणि त्याची मूळ काच शाबूत असेल, तर खोट्या बेल्जियमपेक्षा आम्ही ती जोडी आनंदाने घेतो.

आमच्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने काचेवर पांढरा थर बसतो. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पाच-सहा तास ठेवल्यावर तो सुटतो. सोनेरी काम असेल तर व्हिनेगर लावू नका. तरीही धुरकटपणा राहिला तर काच स्वतःच खराब झाली आहे. विकणारे त्यावर तेलाचा हात फिरवतात, तेवढ्यापुरती ती स्वच्छ दिसते. म्हणून आम्ही साबणाने धुऊन रात्रभर कोरडी ठेवतो आणि भाव सकाळी सांगतो.

आता पावतीवर देश, काळाचा टप्पा आणि कोणत्या खुणेवरून ठरवलं ते लिहितो. खूण नसेल तर ‘फुंकून केलेली, मूळ अनिश्चित’ एवढंच. वस्तू आणणार असाल तर धुऊन आणू नका, आणि मे महिन्यात पत्र्याखालून काढलेली काच थंड पाण्याला लावू नका. आधी दोन तास सावलीत ठेवा, नाहीतर जाड बुडाला तडा जातो.