बीआयचं टॉक आणि लासलगावचा कांदा

नाशिकच्या टेक मीटअपला बिझनेस इंटेलिजन्सवर (बीआय, म्हणजे धंद्याच्या डेटातून निर्णयासाठी उत्तरं काढणं) बोलणार असाल, तर ‘बीआय म्हणजे काय’ ही स्लाइड काढूनच टाका. समोर सातपूर-अंबडच्या कंपन्यांत एमआयएस, म्हणजे कंपनीचे नेहमीचे रिपोर्ट, सांभाळणारे असतात, नाहीतर शेवटच्या वर्षाची मुलं. व्याख्या दोघांनाही नको असते. एक ओळखीचा डेटा आणि एक प्रश्न, चाळीस मिनिटांना एवढं पुरतं.

डेटा घ्या लासलगावच्या कांद्याचा. ॲगमार्कनेट या सरकारी वेबसाइटवर बाजार समितीनिहाय रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर मिळतात. फाइल घरीच उतरवून ठेवा. पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बनवायच्या टूलमध्ये आणल्यावर आधी तारखा तपासा. लॅपटॉपची सेटिंग अमेरिकन (आधी महिना, मग दिवस) असेल तर ५ जुलै गुपचूप ७ मे होतो आणि १३ तारखेपासून पुढे एरर येतात. पॉवर क्वेरीत (पॉवर बीआयचा डेटा साफ करायचा भाग) ‘युझिंग लोकेल’मधून इंग्लिश (इंडिया) निवडलं की प्रश्न मिटतो.

आता विचारा: सरासरी भाव किती? दराचा कॉलम कार्डवर, म्हणजे एकच आकडा दाखवणाऱ्या चौकटीत, ओढा, ॲव्हरेज निवडा, आकडा येऊ द्या. तो चुकीचा आहे, आणि का ते फळ्यावर दाखवा. समजा, एका दिवशी १००० क्विंटल कांदा २००० रुपयांनी गेला, दुसऱ्या दिवशी १०० क्विंटल ३००० रुपयांनी. साधी सरासरी २५००. पण सगळा पैसा भागिले सगळा माल केला तर जेमतेम २०९१. शंभर क्विंटलच्या दिवसाला हजार क्विंटलच्या दिवसाइतकंच वजन मिळालं, म्हणून आकडा फुगला. मग सम-एक्स या फंक्शनने रोजची आवक गुणिले दर यांची बेरीज घ्या आणि डिव्हाइडने एकूण आवकेने भागा. मेझर, म्हणजे स्वतः लिहिलेलं हिशोबाचं सूत्र, का लिहायचा, हे इथे आपोआप कळतं. हे घाईत उरकू नका, टॉकचा जीव इथेच आहे.

जाता जाता: ॲगमार्कनेटवर आवक टनांत आणि दर क्विंटलमागे असतो. सरासरीत फरक पडत नाही, पण उलाढाल काढायला गेलात तर ती दहापट कमी दिसते.

स्टेजवर डेटा इम्पोर्ट मोडमध्येच, म्हणजे रिपोर्टच्या फाइलमध्येच साठवून, ठेवा. वाय-फाय गेलं तरी रिपोर्ट चालतो, मात्र रिफ्रेशला हात लावू नका. नकाशाचा व्हिज्युअल टाळा, नेट नसेल तर तो कोराच राहतो. डार्क थीम प्रोजेक्टरवर वाचता येत नाही. फॉर्म्युला मोठा करून दाखवायला झूमइट हे फुकटचं टूल वापरा.

करिअरला शेवटची दहा मिनिटं द्या, त्याहून जास्त नको. पहिल्या नोकरीसाठी एक्सेलचे पिव्होट, एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतले जॉइन आणि ग्रुप बाय, आणि स्वतः केलेला एक रिपोर्ट, एवढं हवं. ‘टोटल का जुळत नाही’ याचं उत्तर देता येणारा मुलगा दहा डॅशबोर्ड दाखवणाऱ्यापेक्षा उजवा. सर्टिफिकेटचा प्रश्न हमखास येतो. पीएल-३०० या मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआय परीक्षेला १००० पैकी ७०० लागतात. रेझ्युमेच्या चाळणीतून पुढे जायला ते बरं, पण एसक्यूएल कच्चं असेल तर आधी ते पक्कं करा.

पोर्टफोलिओचं मात्र स्पष्ट सांगा. रिपोर्ट ऑनलाइन ठेवायच्या पॉवर बीआय सर्व्हिसला जीमेल चालत नाही, कॉलेजचा किंवा ऑफिसचा मेल लागतो. ‘पब्लिश टू वेब’ केलेला रिपोर्ट लिंक मिळेल त्या कुणालाही उघडतो. त्यामुळे कंपनीचा डेटा, नावं बदलूनसुद्धा, तिथे टाकायचा नाही. कॉलेजचा मेल नसेल तर फाइल आणि स्क्रीनशॉट गिटहबवर ठेवा.