बाहेरून घरी

ऑफिसात दुपारचं जेवण झालं की मला हमखास सांगलीच्या घरातला कॉम्प्युटर आठवतो. म्हणजे जिव्हाळ्याने नव्हे. बाबांची एखादी पावती त्यात असते आणि ती नेमकी मला पुण्यात हवी असते.

तिथे पोचावं म्हणून त्याचा नेटवर्कमधला पत्ता (आयपी) पाहावा तर १९२.१६८.१.५. शेजारच्यांच्या टीव्हीचाही हाच असेल. असे पत्ते १९९४पासून घरा-कचेऱ्यांतल्या आतल्या वापरासाठीच राखून ठेवलेत. उंबऱ्याबाहेर त्यांना कुणी विचारत नाही.

आमच्या जुन्या वाड्यात असंच होतं. पत्रावर घरनंबर एकच, आत बिऱ्हाडं ढीगभर. दिंडीदरवाजाशी एक काकू निवडणं-टिपणं घेऊन बसलेल्या. आतून कोण कुठे गेलं ते त्यांच्या ध्यानात असे, आणि त्याला आलेला निरोप बिनचूक पोचे. पण आगापीछा नसलेला कुणी आला, की "इथं कुणी नाही हो," म्हणून वाटेला लावत. तांदळातून मान वर न करता! राउटर दुसरं काय करतो?

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे काकूंना आधीच बजावणं: ३३८९ (विंडोजचा कॉम्प्युटर दूरून चालवायच्या दाराचा नंबर) विचारत येईल त्याला थेट माडीवर, म्हणजे माझ्या कॉम्प्युटरकडे, पाठवा. मग काय, गावभरचे भुरटे तेवढंच विचारत येतात. मला ते कधीच पटलं नाही.

आता तर तीही सोय उरली नाही. जुन्या पद्धतीचे पत्ते जेमतेम ४३० कोटी. त्यांचा मुख्य साठा २०११च्या फेब्रुवारीत वाटून संपला. त्यामुळे इंटरनेटवाले अख्ख्या पेठेलाच एक वेस घालतात, म्हणजे अनेक घरांना मिळून बाहेरचा पत्ता एकच. राउटरच्या बाहेरच्या पत्त्याची सुरुवात १००.६४ दिसली की समजावं, काकूंना पढवून उपयोग नाही.

म्हणून एनीडेस्क, दूरचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर. त्यात घरचा कॉम्प्युटरच आपण होऊन बाहेर एनीडेस्कच्या सर्व्हरकडे जातो आणि ओळख धरून ठेवतो; त्याच वाटेने मी आत शिरतो. पडद्यावरचा बाण हलला की आई फोनवर म्हणते, "आलास का? जेवलास?" आणि पदर सारखा करते म्हणे. मला ती दिसत नाही, हे सांगून झालंय.

अडतं ते विजेपाशी. वीज आली की कॉम्प्युटरने आपोआप सुरू व्हावं, हे बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुळातल्या सेटिंगांत, करून ठेवलंय. पण वीज नसताना काय? कॉम्प्युटर आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या म्हटलं, तर बाबा म्हणाले, "आधी पंखा." सांगलीतल्या मे महिन्यात या मुद्द्यावर कोण बोलणार!